ड्रॉवर, भिंत की उघड्या फळ्या? घरच्या लोखंडकामाच्या वर्कशॉपमध्ये काय कुठे ठेवावं

लाकूडकामाच्या खोलीतली मांडणी लोखंडकामाच्या खोलीत जशीच्या तशी उचलून आणली की फार काळ टिकत नाही. कारणं दोन, वजन आणि धूळ. भुसा फुंकर मारली की उडतो. ग्राइंडरच्या धुळीत मात्र लोखंडाचे बारीक कण असतात आणि चाकातून सुटलेले घासणारे दाणेही असतात. ती तेलकट पृष्ठभागावर चिकटते आणि हत्याराच्या सांध्यात शिरली की खरकागदासारखी घासत राहते. त्यामुळे कॅबिनेट घ्यायचं, भिंतीवर टांगायचं की फळ्या मारायच्या हे ठरवताना प्रत्येक हत्याराबद्दल दोन गोष्टी बघा: धुळीनं ते बिघडेल का, आणि त्याचं वजन कशावर येणार?

ड्रॉवर कॅबिनेट

व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, गुण्या, टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं), रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) यांना बंद ड्रॉवरच हवा, यात आमच्या लेखी वाद नाही. वाद ड्रॉवर किती खोल असावा याचा आहे. 150 मिमी खोल ड्रॉवर बघायला ऐसपैस वाटतो, पण त्यात हत्यारांचे तीन थर होतात आणि खालच्या थराला वर्षभर हात लागत नाही. 50 ते 75 मिमी खोलीचे ड्रॉवर जास्त आणि तळाशी एक-दोन खोल, अशी विभागणी बघून घ्या. पाने, सॉकेट, पक्कड, पंच, छिन्न्या हे सगळं 75 मिमीत एका थरात बसतं.

घेताना तीन गोष्टी हातानं तपासा. ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो का? तीन-चतुर्थांशच येत असेल, तर मागची जागा नसल्यात जमा. दुसरी गोष्ट स्लाइड, म्हणजे ड्रॉवर जिच्यावर सरकतो ती बाजूची पट्टी. 45 मिमी रुंदीच्या बॉल-बेअरिंग स्लाइडच्या जोडीवर साधारण 35 ते 45 किलोचा आकडा दिलेला असतो, पण तो ठरावीक लांबीच्या स्लाइडचा आणि सारख्या पसरलेल्या वजनाचा असतो. रुंद ड्रॉवरमध्ये सगळं एका कोपऱ्यात साठलं, तर त्याआधीच स्लाइड कुरकुरायला लागते. तिसरी गोष्ट तळाचा पत्रा. मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर तो ‘टक्’ करून खाली गेला आणि सोडल्यावर पुन्हा ‘टक्’ करून वर आला, तर पत्रा पातळ आहे किंवा त्याला खाली आडवी पट्टी नाही. सॉकेटच्या वजनानं तो कायमचा झोळ धरेल आणि खालच्या ड्रॉवरला अडेल.

भरलेले दोन ड्रॉवर एकदम उघडले की कॅबिनेट पुढे झुकतं. एका वेळी एकच ड्रॉवर उघडू देणारं लॉक नसेल, तर कॅबिनेट भिंतीला बोल्टनं बांधा आणि जड सामान खाली ठेवा. आत अंथरायला पॉलिइथिलिनचा बंद छिद्रांचा फोम घ्या. नेहमीचा मऊ स्पंज आणि नमदा ओल धरतात आणि हत्याराला खालून, न दिसणारा गंज चढतो.

मायक्रोमीटर बंद करून ठेवू नका, दोन्ही तोंडांमध्ये बारीक फट सोडा. तापमान बदललं की तोंडं एकमेकांवर दाबली जातात आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या ओलीनं गंजतातही. कानशी एकावर एक टाकणं म्हणजे दातांनी दात बोथट करणं. ड्रॉवरमध्ये ठेवायच्या तर प्रत्येकीला वेगळा खण द्या.

टॅप ज्या खणात, त्याचं ड्रिलही त्याच खणात: एम 4 (म्हणजे 4 मिमीचा आटा) सोबत 3.3, एम 5 सोबत 4.2, एम 6 सोबत 5, एम 8 सोबत 6.8, एम 10 सोबत 8.5 मिमी. ड्रिलचा संच वेगळा असला तरी हे पाच आकार जास्तीचे आणून टॅपशेजारी ठेवावेत. अर्धा मिमी लहान भोकात टॅप मोडतो तो बहुतेक वेळा योग्य ड्रिल शोधायचा कंटाळा केल्यामुळे.

भिंत: छिद्रांचा बोर्ड, तिरप्या पट्ट्या की लोखंडी रेल

3 मिमी जाडीचा छिद्रांचा हार्डबोर्ड सर्वांत स्वस्त पडतो, पण लोखंडकामाला तो कमी पडतो. दोन किलोचा घण अडकवला की छिद्र लांबट होतं आणि हत्यार काढताना हुकही हातात येतो. पत्र्याचा छिद्रांचा बोर्ड बरा. मागे 15-20 मिमीच्या पट्ट्या ठोकून हुक वळायला जागा मात्र ठेवावी लागते.

18 मिमी प्लायवूडच्या 45 अंशांत कापलेल्या पट्ट्या, एक भिंतीला आणि तिच्यावर अडकणारी दुसरी हत्याराच्या फळीला, अशा लावल्या की वजनाची काळजी नसते, मांडणीही हवी तशी बदलता येते. पण प्रत्येक पट्टीच्या वरच्या खाचेत ग्राइंडिंगची धूळ साचते आणि ठिणगी तिथे जाऊन पडली की प्लाय धुमसत राहू शकतो. वेल्डिंग-ग्राइंडिंगचा कोपरा सोडून दुसऱ्या भिंतीवर हा पर्याय चालेल.

वेल्डिंग मशीन घरात असताना लाकडाच्या मागे लागायचंच कशाला? 40×5 मिमीची दीड मीटर लोखंडी पट्टी घ्या, तिला तीन भोकं पाडा आणि मागे 12 मिमीचे स्पेसर घालून 10 मिमीच्या अँकर बोल्टनं भिंतीला आवळा. हुक 25×3 च्या पट्टीचे वाकवायचे: मागचा पाय पट्टीमागे 30 मिमी खाली जाईल एवढा आणि पुढचा पाय पट्टीच्या खालच्या कडेपेक्षा लांब, म्हणजे वजन आलं तरी हुक झुकत नाही. मागचा पाय लांब असल्यानं हत्यार उचलताना हुक निघून येत नाही आणि हवा तिथे सरकवताही येतो. हातोड्या, क्लॅम्प, हॅक्सॉ, ग्राइंडर, पक्कड या धुळीला न घाबरणाऱ्या गोष्टींसाठी याहून बरा पर्याय आम्हाला दिसत नाही. फक्त ग्राइंडरच्या चाकाच्या सरळ रेषेत ही भिंत नको.

चुंबकाची पट्टी दिसायला सोयीची, पण तिच्यावर लोखंडाच्या किसाची दाढी उगवते. शिवाय कडक स्टीलची हत्यारं चुंबक होऊन बसतात, मग ड्रिल आणि टॅप कीस सोडत नाहीत. तिच्यावर पाने लावा, मोजमापाची आणि कापायची हत्यारं नकोत.

फळ्या आणि डबे

लेथचा चक, मशीन व्हाइस, डिव्हायडिंग हेड (काम ठरावीक अंशांत फिरवायचं साधन) यांची जागा कमरेच्या उंचीच्या फळीवर. डोक्याच्या वर आठ-दहा किलोचं काहीही ठेवू नये. कटिंग आणि ग्राइंडिंगची चाकं सपाट आणि कोरड्या जागी ठेवा. रेझिनच्या चाकांच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख असते, ती वाचून जुनी चाकं पुढे काढा, मुदत उलटलेली फेकून द्या. स्टेनलेससाठीची चाकं आणि तारेचे ब्रश वेगळ्या डब्यात हवेत. साध्या लोखंडावर फिरवलेला ब्रश स्टेनलेसवर फिरवला की त्यावर गंजाचे ठिपके येतात. वेल्डिंग रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात. ॲसिडची बाटली मात्र खोलीबाहेर, कारण मीठाच्या ॲसिडची नुसती वाफही सगळ्या हत्यारांना गंजवते.

माल: उभा की आडवा

पसारा खरा होतो तो हत्यारांमुळे नव्हे, मालामुळे, म्हणजे गज, पट्ट्या आणि पत्र्यांमुळे. 25 मिमी गजाची सहा मीटरची लांबी 23 किलो भरते, 50×6 पट्टीची 14 किलो. गोल गजाचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला किती किलो ते कळतं. दहा-बारा लांब्या झाल्या की दोनशे किलो सहज होतात, म्हणून आडव्या रॅकचे हात उभ्या खांबाला पूर्ण वेल्ड करा, टोकाकडे किंचित वर उचललेले ठेवा आणि खांब भिंतीला बांधा. सलग तीन मीटर भिंत मिळत असेल तर आडवा रॅकच बरा; माल अर्धा कापूनच आत आणा.

तेवढी भिंत नसेल, तर दीड मीटरपर्यंतचे तुकडे उभे ठेवा, खाली कप्पे करा आणि पुढून साखळी लावा. साखळी विसरली की एक गज ओढताना बाकीचे अंगावर येतात. पत्रे उभे ठेवताना भिंतीकडे पाच-सात अंश झुकवा: 2500×1250 चा 3 मिमी पत्रा जवळपास 74 किलोचा असतो, सरळ उभा असताना तो धक्क्यानं पुढे येऊ शकतो.

प्रत्येक गजाच्या एका टोकाला ग्रेडप्रमाणे रंग लावा आणि कापताना नेहमी बिनरंगाच्या टोकानं सुरुवात करा. रंगाचं टोक कापून गेलं तर उरलेला तुकडा साधं लोखंड आहे की ईएन 8 (मध्यम कार्बनचं स्टील), हे बघून सांगता येत नाही. रंग नसलेले तुकडे सरळ भंगारात टाका, किंवा ज्यात ग्रेडला महत्त्व नाही अशा कामासाठी वेगळ्या पेटीत ठेवा.