मिरचीच्या फुलातले फुलकिडे आणि स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप

खोक्यावर ‘१६०० एक्स’ (म्हणजे १६०० पट मोठं दाखवतो) छापलेला, ८ एलईडीचा, ओटीजीनं (मोबाईलला यूएसबी उपकरण जोडायच्या सोयीनं) मोबाईलला जोडायचा यूएसबी मायक्रोस्कोप भिवापूर-उमरेडकडच्या मिरचीवाल्या कास्तकारानं घ्यावा का? घ्यावा. फक्त त्या १६०० वर विसंबू नये. तो आकडा पडद्यावर चित्र ताणून येतो, त्यानं नवा बारकावा काही दिसत नाही. फुलकिड्याचा रंग, पंखांची ठेवण आणि पोटाचं टोक मात्र नीट दिसतं, आणि फवारायचं की नाही हे ठरवायला त्याचा मोठा आधार होतो.

कारण फुलातलं प्रत्येक काळं किडं थ्रिप्स पार्व्हिस्पिनस (मिरचीवरची फुलकिड्यांची एक घातक जात) नसतं. भारतात २०१५ मध्ये पपईवर नोंदवलेल्या आणि २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणाच्या मिरचीचं मोठं नुकसान केलेल्या या जातीची मादी साधारण १ मिलिमीटरची असते. पोट गडद तपकिरी, डोकं-छाती त्याहून फिकी, पाय पिवळसर. पंख मिटले की पाठीवर शेजारी-शेजारी राहतात. पंख एकमेकांवर चढलेले आणि पोटाचं टोक नळीसारखं दिसलं, तर तो वेगळ्याच गटातला फुलकिडा. पंखांना फुलकिड्यासारखी केसांची झालरच नाही, सोंड खाली वळलेली आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे असतील, तर तो ओरियस ढेकूण. फुलकिडे खाणारा मित्र. त्यालाच शत्रू समजून सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं की तो मरतो आणि फुलकिडे उलट वाढतात.

सगळ्यात मोठी चूक पिवळ्या किड्यांत होते. पार्व्हिस्पिनसचा नर पिवळाच असतो, त्यामुळे फुलात पिवळा सापडला म्हणून पानं वर वळवणारी फुलकिड्यांची दुसरी जात, स्किर्टोथ्रिप्स डोर्सालिस, समजू नये. पिल्लांवरून तर जात ठरवूच नये. ओळखीच्या बहुतेक खुणा पूर्ण वाढलेल्या मादीच्या आहेत.

वापरायची रीत सोपी आहे. वावराच्या वेगवेगळ्या ओळींतली २० उमललेली फुलं पांढऱ्या कागदावर झटकायची. पळणारी किडं ओल्या बारीक ब्रशनं उचलून ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकायची. मग काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात किडं पाठ वर करून, आणि वरून कव्हरस्लिप (पातळ काच). थेंब मोठा झाला की किडं तरंगतं आणि फोकस सुटतो.

या यंत्राची खरी अडचण स्टँड आहे. मान सैल असते, फोकसची चकती फिरवली की नळीच हलते. मान घट्ट आवळून, स्टँड जड पाटीवर चिकटवून काम भागतं. एलईडीचा उजेड किड्याच्या गुळगुळीत पाठीवर चमकतो. नळीच्या तोंडाला, मध्ये भिंगापुरतं भोक ठेवून, बटरपेपरचा तुकडा लावला की चमक जाते. ॲपमध्ये लांबी मोजायची असेल तर फोकस बदलल्यावर प्रत्येक वेळी मिलिमीटर पट्टीवर माप पुन्हा जुळवावं, नाहीतर १ मिलिमीटरचं किडं दीड भरतं.

जात पक्की करणं मात्र याच्या आवाक्याबाहेर आहे. पार्व्हिस्पिनसच्या स्पर्शिकेला ७ कांडं, डोर्सालिसला ८. पार्व्हिस्पिनसच्या पुढच्या पंखाच्या पहिल्या शिरेवर केसांची सलग ओळ. त्याच्या पोटाच्या आठव्या पाठपट्टीच्या मागच्या कडेला केसांची फणी नाही. हे बघायला किडं अल्कलीत साफ करून, पंख पसरून कायमची स्लाइड करावी लागते आणि ४०० पटीचा कंपाउंड मायक्रोस्कोप लागतो. विक्रेत्याच्या जाहिरातीतलं ‘प्रयोगशाळेसारखं निदान’ म्हणूनच खोटं आहे.

प्रयोगशाळेत न्यायचा नमुना मात्र आपणच नीट तयार करावा. ६० टक्के अल्कोहोल १० भाग, ग्लिसरीन १ भाग, ॲसिटिक ॲसिड १ भाग या मिश्रणात किडं मऊ राहतात आणि स्लाइडवर पंख पसरवणं सोपं जातं. बाटलीत गाव, तारीख, पीक आणि ‘फुलातून’ की ‘पानावरून’ एवढं लिहिलेली चिठ्ठी टाकून नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे न्यावा. चिठ्ठी शिसपेन्सिलीनंच लिहावी, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

नुसती फुलातली संख्या मोजायची असेल तर २० पटीचं हातभिंग पुरे, त्याला चार्जिंगही लागत नाही. मायक्रोस्कोप घ्यायचाच असेल तर आपल्या मोबाईलमध्ये ओटीजी चालतं का, हे आधी तपासा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत एकदा तरी खरं फुलकिडं त्याखाली ठेवून बघा.