आयएसआयचा शिक्का होता, तरी आईला शॉक बसला

डिसेंबरात नाशिकची थंडी वाढली की मेन रोडच्या दुकानांबाहेर पाणी तापवायचे रॉड टांगलेले दिसू लागतात. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात गिझर नाही, म्हणून मीही एक घेतला, ४५० रुपयांना. रॉडवर आयएसआयचा शिक्का, खोक्यावर सोनेरी गोलात ‘आयएसओ ९००१’. “ताई, दोन-दोन मार्क आहेत, बिनधास्त न्या,” दुकानदार म्हणाला. बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला.

नवव्या दिवशी सकाळी आईने स्टीलच्या बादलीची कडी धरली आणि ती किंचाळली. पायात रबरी चप्पल होती, झटक्याने हात सुटला, म्हणून वाचली. पडल्यामुळे मनगट सुजलं. दोन आठवडे तिला पोळ्या लाटता आल्या नाहीत. बाथरूममधलं बटण दाबायला ती अजून घाबरते.

वायरमन दादांनी प्लग खोलला. पिना तीन, पण आत तारा दोनच! अर्थिंगची जाड पिन नुसती दाखवायला बसवलेली. रॉडच्या नळीचं तोंडही नीट बंद केलेलं नव्हतं. तिथून ओल आत गेली की करंट नळीवर येतो आणि तिथून पाण्यात, बादलीत. अर्थिंग असतं तर तो जमिनीत गेला असता. नव्हतं, म्हणून आईच्या अंगात गेला.

मग मी तो शिक्का पहिल्यांदा नीट वाचला. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, या रॉडसाठी ‘आयएस ३६८’. खाली ‘सीएम/एल’ आणि पुढे परवान्याचा नंबर. माझ्या रॉडवर दोन्ही होतं. आयएसआय चिन्हाचा परवाना देणारी सरकारी संस्था म्हणजे बीआयएस. तिच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये नंबर टाकला, तर परवाना खरा निघाला, पण एका प्लायवूड कंपनीचा! कुणीतरी तो उचलून छापला होता. म्हणून अ‍ॅपमध्ये नंबर सापडला एवढ्यावर थांबू नका. उत्पादकाचं नाव, वस्तू आणि परवान्याची मुदतही जुळवून पाहा. आणि ‘आयएसओ ९००१’ हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं. तुमच्या हातातली वस्तू कुणी तपासली, असा त्याचा अर्थ होत नाही. मला हे माहीत नव्हतं.

दुकानात गेले तर त्याने वायरला बांधलेल्या इशाऱ्याच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. “धातूची बादली वापरू नका, असं लिहिलंय ना?” लिहिलं होतं, बारीक इंग्रजीत. प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका, हेही होतं. त्या सूचना खऱ्याच आहेत आणि पाळायलाच हव्यात. पण तिसरी तार न घालण्याची मुभा कुठल्याही चिठ्ठीने मिळत नाही. मग त्याने भिंतीवरची पाटी दाखवली: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही पाटी म्हणजे कायदाच, असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत.

पैसे मिळाले नाहीत. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि बीआयएसच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवली आहे. रॉड आणि ती चिठ्ठी जपून ठेवली आहे.

तुमच्या घरात असा रॉड असेल, तर भिंतीतून प्लग काढून त्याचा स्क्रू खोला आणि तारा मोजा. अर्थिंगची हिरवी तार दिसली नाही, तर उद्या सकाळचं पाणी गॅसवर तापवा.