आयोडीनचा थेंब टाकून ‘शुद्ध’ तूप विकणाऱ्यापासून सावध राहा

दिवाळीच्या तोंडावर सोसायट्यांमध्ये ‘गावरान तूप, ताजं पनीर, घरगुती हळद’ असे स्टॉल लागतात. त्यातल्या एकाबद्दल सविस्तर लिहितेय, कारण डोंबिवलीत आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांना त्याने गंडवलं आणि तो अजून फिरतोच आहे.

तिशीतला, गोडबोल्या, अंगात पांढरा लॅबकोट. टेबलावर ड्रॉपरची बाटली, काचेचे पेले आणि पाण्याचा स्वतःचा थर्मास. माल खपवायची घाई अजिबात नाही. उलट म्हणायचा, “काकू, काही घेऊ नका. घरातलं पनीर आणि हळद आणा फक्त, फुकट तपासून देतो.” तळमजल्यावरच्या वहिनी डेअरीचं पनीर घेऊन आल्या. त्याने तुकडा कुस्करून दोन थेंब टाकले आणि तपकिरी थेंब बघता बघता शाईसारखा निळा-काळा झाला. मग दुसऱ्या एकीची हळद. तीही काळपट. “हे मुलांना घालता?” एवढंच बोलून गप्प बसला. त्यानंतर स्वतःचं पनीर, स्वतःची हळद, स्वतःचं तूप. निळ्याचा मागमूस नाही. तूप ९५० रुपये किलो होतं, तरी संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं.

बेसन भाजताना तुपाचा तो खमंग वास सुटेचना आणि लाडू टाळ्याला मेणचट लागायला लागले, तेव्हा कुजबुज सुरू झाली. काही घरांनी वर्गणी काढून तूप खासगी प्रयोगशाळेत दिलं. अहवालात बीटा-सिटोस्टेरॉल निघालं. ते वनस्पतींच्या तेलात असतं, दुधाच्या स्निग्धांशात नसतं. म्हणजे डब्यात तेलाची भेसळ होती, आणि तेलात स्टार्च नसतंच, मग आयोडीन निळं होणार कशाने? शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकून बघितलेलं आपल्या सगळ्यांना आठवतं, त्याच आठवणीवर हा माणूस धंदा करतो. आयोडीन फक्त स्टार्च ओळखतं. तेल, युरिया, डिटर्जंट, रंग यांतलं काहीही असलं तरी ते गप्प.

बरं, चाचणी खोटी आहे असंही नाही. एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या घरगुती चाचण्यांच्या पुस्तिकेत दूध, खवा, पनीर यांसाठी ती दिलेली आहे. तुपात उकडलेला बटाटा कुस्करून मिसळला असेल तर तोही तिच्यात पकडला जातो. पण त्याच पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की हळदीला ही चाचणी लागू नाही. हळकुंडात मुळातच स्टार्च असतं. आमच्या बी विंगेत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या एक बाई राहतात. त्यांनी सांगलीहून आणलेलं अख्खं हळकुंड आमच्यासमोर कुटून त्यावर थेंब टाकला: काळंकुट्ट. त्या हिशेबाने शुद्ध हळद काळी व्हायला हवी, आणि याची होत नव्हती हीच खरी गोम.

बाईंना संशय थर्मासातल्या पाण्याचा. त्यांनी दोन पेल्यांत त्याच्याच पाकिटातली हळद घेतली. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात लिमसीची, म्हणजे क जीवनसत्त्वाची, गोळी विरघळवलेलं. पहिल्यात थेंब पडताच काळपट गढूळ झालं, दुसऱ्यात पिवळं ते पिवळंच. क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करून टाकतं, मग रंग यायला आयोडीन शिल्लकच राहत नाही. त्याने हेच केलं की आणखी काही, हे सिद्ध करता येणार नाही, पण लिंबू पिळूनही हा खेळ जमतो. गरम पाण्याचीही गंमत आहे: स्टार्च असूनसुद्धा निळा रंग तापल्यावर उडतो आणि गार झाल्यावर परत येतो. पनीर ‘मऊ करायला’ कोणी कढत पाण्यात टाकून लगेच थेंब घालत असेल तर हात धरा.

म्हणून अशी चाचणी कोणी करून दाखवली तर पाणी आपल्या घरचं द्या. शेजारी एका वाटीत भाताची गार पेज ठेवा आणि तिच्यावरही त्याच्याच बाटलीतला थेंब टाकायला लावा. पेज निळी झाली नाही तर बाटलीतच खोट आहे. घरी बीटाडीन असेल तर पेजेवर तेही चालतं.

पाकिटावरचा परवाना क्रमांक आम्ही नंतर तपासला, तो आधी तपासायला हवा. हा क्रमांक १४ अंकी असतो आणि एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकला की कोणाचा ते दिसतं. याच्या पाकिटावरचा क्रमांक भलत्याच एका बेकरीचा निघाला. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, आणि माल निकृष्ट निघाला तर फी परत मिळते. मात्र तपासणी करणार आहोत हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. तेवढं ऐकूनच असले लोक टेबल आवरतील. तक्रारीसाठी महाराष्ट्र एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५. आम्ही तक्रार केली आहे, उरलेले डबे सीलबंद ठेवलेत. स्टॉलचं भाडं घेऊन जागा देणाऱ्या आमच्या कमिटीने आता परवान्याची प्रत मागायला सुरुवात केली आहे, उशिरा का होईना.

त्याचा मोबाईल बंद आहे. पण बदलापूरला नणंदेच्या कॉम्प्लेक्समध्ये गेल्या आठवड्यात तसाच पांढरा कोट, तीच ड्रॉपरची बाटली, आणि विकायला मध. मधात हल्ली साखरेचं नाहीतर तांदळाचं सिरप मिसळतात. साखरेत स्टार्च नसतंच, आणि तांदळाचं सिरप बनवताना स्टार्चची साखर होऊन गेलेली असते, त्यामुळे तो थेंब तिथेही निळा होणार नाही.