फ्लास्क की फास्टएपीआय?

वाशीच्या बाजारातील कांद्याच्या आवकेवरून दुसऱ्या दिवसाचा भाव वर्तवणारे मॉडेल वेब सेवा म्हणून चालवायचे असेल, तर 2010 मधील फ्लास्क आणि 2018 मधील फास्टएपीआय ही पायथनमध्ये वेब सेवा लिहिण्याची दोन्ही साधने चालतात. खरा फरक पडतो तो माहिती आत येताना. आवकेच्या रकान्यात कोणी आकड्याऐवजी ‘दोनशे गोणी’ असे लिहून पाठवले आणि आपण तो रकाना पायडँटिक या माहिती तपासणाऱ्या लायब्ररीत पूर्णांक म्हणून घोषित केलेला असला, तर फास्टएपीआय मॉडेलपर्यंत न जाताच 422 हा ‘पाठवलेली माहिती चुकीची’ असे सांगणारा कोड आणि चुकलेल्या रकान्याचे नाव परत पाठवते. फ्लास्कमध्ये ही तपासणी आपणच लिहावी लागते; ती राहून गेली, की समोरच्याला बहुधा नुसता 500, म्हणजे सर्व्हरमधील बिघाडाचा कोड, दिसतो.

फास्टएपीआयच्या वेगाचा गवगवा मात्र जपूनच ऐकावा. भाकिताची आकडेमोड एसिंक फंक्शनात (‘एसिंक डेफ’ने लिहिलेल्या) थेट लिहिली, तर सगळ्या विनंत्या आळीपाळीने हाताळणारा इव्हेंट लूप अडकतो आणि बाकीच्या विनंत्या ताटकळतात. साधे ‘डेफ’ वापरल्यास तेच काम थ्रेडपूलकडे, म्हणजे बाजूला चालणाऱ्या थ्रेडांच्या गटाकडे, जाते.

महापे-ऐरोलीतील एखाद्या कंपनीत फ्लास्कचा जुना कोड गनिकॉर्न या पायथन सर्व्हरवर सुरळीत चालत असेल, तर तो उगाच मोडू नये. नव्या कामाला मी फास्टएपीआयच घेईन, कारण मोबाइल ॲप लिहिणाऱ्या सहकाऱ्याला सेवेच्या माहितीचे पान आयते मिळते.