बॅटरी बदलल्यावर लागलेला दिवा आणि न बदललेल्या पार्टचं बिल

नवी बॅटरी बसवून गाडी चालू केली तर मीटरवर एबीएस (ब्रेकची एक सोय) आणि ट्रॅक्शनचे (चाकं जागीच घसरू न देणाऱ्या सोयीचे) पिवळे दिवे लागले, ते विझेचनात. बॅटरी बसवणाऱ्या गॅरेजवाल्याने स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला, स्क्रीन स्वतःकडेच ठेवून मान हलवली. "एबीएस मॉड्यूल गेलंय साहेब. अशी चालवू नका, ब्रेक लागणार नाहीत."

ही शुद्ध थाप. एबीएस बंद पडलं तरी साधे ब्रेक लागतात. जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देण्याची सोय तेवढी जाते. (सोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर मात्र गाडी हलवू नका.) शिवाय बॅटरी काढल्यावर हे दिवे लागणं बऱ्याच गाड्यांत नेहमीचंच. स्टीअरिंग किती वळलंय हे सांगणारा सेन्सर वीज तुटली की आपला मध्य विसरतो. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, थोडं अंतर सरळ जायचं, की अनेक गाड्यांत दिवे आपोआप जातात. काहींत स्कॅनरने कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे सेन्सरला मध्य पुन्हा शिकवावा लागतो.

पण 'ब्रेक' म्हटल्यावर घरच्यांना घेऊन फिरणारा माणूस घासाघीस करत नाही, हे गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक. गाडी ठेवली. संध्याकाळी दिवे गेलेले, बिलात पूर्ण एबीएस युनिट (म्हणजे तेच मॉड्यूल), वर ब्रेक ऑइल आणि मजुरी. पार्ट नंबर कुठेच नाही. जुना पार्ट मागितला तर म्हणाला, "तो एक्स्चेंजमध्ये कंपनीकडे जातो."

दिवे पुन्हा लागले तेव्हा गाडी दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने आधी मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. चालू असताना 14 च्या वर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. मग त्याने निगेटिव्ह टर्मिनल हाताने हलवून पाहिलं, तर ते चक्क गोल फिरलं. बसवताना आवळलंच नव्हतं! खड्ड्यात गाडी आदळली की व्होल्टेज पडायचं आणि दिवे लागायचे. स्कॅनरवरचा कोडही कमी व्होल्टेजचाच होता, मॉड्यूलचा नव्हे.

त्यानंतर त्याने टॉर्च मारून युनिट दाखवलं. ब्रेकचे पाइप जिथे जोडलेले असतात, त्या नटांवर कारखान्यातली रंगाची खूण जशीच्या तशी, वर जुनी धूळ. ते नट सोडवल्याशिवाय युनिट बाहेर येतच नाही. टाकीतलं ब्रेक ऑइलही जुनं, काळपट. पहिल्याने फक्त कोड पुसले होते. स्कॅनरचं एक बटण!

म्हणून स्क्रीन स्वतः पाहा, फोटो काढा. कोड म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार आकडे-अक्षरं: पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी असेल तर ब्रेक-स्टीअरिंग, यू असेल तर मॉड्यूलांचं आपसातलं बोलणं. कोड आपल्यासमोर पुसायला लावा. मॉड्यूल खरंच मेलं असेल तर कोड बहुधा लगेच परत येतो. टर्मिनल घट्ट आहेत का, हे तर त्याही आधी पाहा. एअरबॅगचा दिवा मात्र आपोआप जाईल म्हणून अंगावर काढू नका, आणि त्याच्या वायरींना घरी हात लावू नका.

नटांचे फोटो घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. बरीच वादावादी झाल्यावर त्याने ब्रेक ऑइलचे पैसे परत केले. मॉड्यूल "बसवलंय म्हणजे बसवलंय" यावर तो अजूनही ठाम आहे.