ग्रीनचा स्लँग कोश: इंग्रजी शिव्यांचा नीट अर्थ लावायचा असेल तर

इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स करताना मला सगळ्यात जास्त अडतं ते शिव्यांपाशी. पात्र एकच शब्द पाच प्रसंगांत पाच अर्थांनी वापरतं आणि साधा शब्दकोश 'असभ्य' एवढी चिठ्ठी लावून मोकळा होतो. या अडचणीवर मला सापडलेलं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे 'ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँग', म्हणजे स्लँगचा, रोजच्या अनौपचारिक बोलण्यातल्या शब्दांचा कोश. जोनाथन ग्रीन हा ब्रिटिश कोशकार १९८०च्या दशकापासून स्लँगचे कोश करतो आहे. त्याचा हा मोठा कोश २०१०मध्ये तीन जाडजूड खंडांत छापून आला आणि २०१६मध्ये ऑनलाइन आला. आता तो फुकट वापरता येतो आणि त्यात अजूनही भर पडत असते.

कोश कसा आहे हे एका शब्दावरून सांगते. 'बॉलक्स' हा अस्सल ब्रिटिश शब्द. मूळ अर्थ वृषण. पण आजच्या बोलण्यात या अर्थाने तो त्या मानाने कमीच येतो. एखाद्याचं म्हणणं 'बॉलक्स' असेल तर ते निव्वळ थापा किंवा काहीच्या काही असतं. डोळ्यांसमोरून बस निघून गेली की माणूस नुसतंच 'बॉलक्स!' म्हणतो, तेव्हा मी बेधडक 'च्यायला!' लिहिते, कारण आपल्याकडेही त्या शब्दातली आई आता कुणाला ऐकू येत नाही. 'बॉलक्स टू दॅट' म्हणजे खड्ड्यात गेलं ते. 'बॉलकिंग' मिळालं म्हणजे साहेबांनी खरडपट्टी काढली. 'ड्रॉप अ बॉलक' म्हणजे माती खाणं. आणि शब्दाच्या आधी नुसता 'द' लागला की सगळंच उलटतं: 'बॉलक्स' म्हणजे भिकार, पण 'द बॉलक्स' किंवा 'द डॉग्ज बॉलक्स' म्हणजे एक नंबर! हा 'द' ऐकण्यात निसटला तर पात्र ज्या गाण्यावर फिदा आहे त्यालाच सबटायटलमध्ये ते शिव्या घालताना दिसतं. अशी सबटायटल्स मी पाहिली आहेत आणि पाहताना जीव तुटतो, कारण प्रेक्षकाला चूक कळतही नाही. त्याला ते पात्रच विचित्र वाटतं.

ग्रीनच्या कोशात हे सगळं सुटं सुटं करून ठेवलेलं असतं. नाम वेगळं, क्रियापद वेगळं, वाक्प्रचार वेगळे, नुसते उद्गार वेगळे. पण खरी दौलत व्याख्यांच्या खाली आहे. प्रत्येक अर्थाखाली तो शब्द प्रत्यक्ष वापरला गेल्याचे दाखले असतात, जुन्यापासून नव्यापर्यंत सालवार लावलेले. कादंबऱ्या, वर्तमानपत्रं, नाटकं, जिथून मिळतील तिथून घेतलेले. शिवाय दाखला ब्रिटनचा, अमेरिकेचा की ऑस्ट्रेलियाचा, हेही लिहिलेलं असतं. मला हे फार मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कच्या पोलिसाच्या तोंडी 'बॉलक्स' आला तर लेखकाला त्यातून काहीतरी सुचवायचं असणार. त्या वेळी मी थांबते आणि पुन्हा प्रसंग बघते.

सालवार दाखल्यांमुळे आणखी एक गोष्ट उमगते: शब्द जन्मतः घाण नसतो. 'बॉलक्स' हा शब्द जुन्या इंग्रजीतला आहे आणि चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, लेवीयाच्या पुस्तकात तो सरळ आलेला आहे. मध्ययुगात मुठीच्या बुडाशी दोन गोळे असलेली एक कट्यार लोक कमरेला लावत. तिचं नाव उघडपणे 'बॉलक डॅगर'. १५४५मध्ये बुडालेल्या 'मेरी रोज' जहाजाच्या अवशेषांतही अशा कट्यारी सापडल्या. व्हिक्टोरियन काळातल्या अभ्यासकांना मात्र हे नाव उच्चारवेना, म्हणून त्यांनी तिला 'किडनी डॅगर' करून टाकलं. कट्यार तीच, लाजणारे लोक नवे.

विसाव्या शतकात तर हा शब्द कोर्टात गेला. १९७७मध्ये सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडच्या 'नेव्हर माइंड द बॉलक्स' या अल्बमची जाहिरात दुकानाच्या खिडकीत लावली म्हणून नॉटिंगहॅममधल्या एका रेकॉर्डच्या दुकानाच्या मॅनेजरवर खटला भरला गेला. कायदा कोणता, तर १८८९चा. बचावासाठी इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी शब्दाचा इतिहास न्यायालयापुढे मांडला: जुना, रुळलेला शब्द, इथे अर्थ एवढाच की 'फालतूपणा'. मॅजिस्ट्रेटना नाखुशीने का होईना, मॅनेजरला निर्दोष सोडावं लागलं. कोशातल्या दाखल्यांनी माणूस सुटतो, हे मला या खटल्यातून कळलं. आणि २०१९मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने 'बॉलक्स टू ब्रेक्झिट' हे आपल्या जाहीरनाम्याच्या मुखपृष्ठावरच छापलं!

बहुतेक लोक अशा शब्दांसाठी 'अर्बन डिक्शनरी' उघडतात. १९९९पासून ती आहे, कुणीही व्याख्या लिहावी आणि इतरांनी मतं द्यावीत अशी तिची रीत. गेल्या महिन्यात निघालेल्या शब्दासाठी मीही तिथे डोकावते. पण तिथे खरा अर्थ आणि मित्राची टिंगल करायला लिहिलेला अर्थ शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि गमतीदार व्याख्येला मतं भरपूर पडतात. भाषांतराला ती पुरत नाही. उलट ऑक्सफर्डचा मोठा कोश विश्वासार्ह खरा, पण इंग्रजीतली सगळ्यात प्रसिद्ध चार अक्षरी शिवी तिथे पोहोचायला १९७२ची पुरवणी यावी लागली. ग्रीनने असा संकोच कुठेच केलेला नाही. शिवीकडे तो भाषेचा इतर कुठलाही शब्द पाहावा तसा, त्याच आस्थेने पाहतो. म्हणूनच मला हा कोश आवडतो.

उणीव सांगायची तर एक मोठी आहे. शब्दाचा अर्थ, वय, गाव सगळं कळतं, पण तो ऐकणाऱ्याला किती झोंबेल हे कळत नाही. 'बॉलक्स' आजीसमोर चालेल का? बॉससमोर? त्यासाठी मी ब्रिटनच्या प्रसारण नियामकाचा, म्हणजे ऑफकॉमचा, २०१६चा अहवाल शेजारी ठेवते. त्यांनी लोकांना विचारून शब्दांची तीव्रता ठरवली. 'बॉलक्स' मधल्या पायरीवर, म्हणजे रात्री नऊच्या आधी दाखवायला कदाचित अयोग्य. त्यातही अवयवाच्या अर्थाने जास्त खटकणारा, 'फालतू बडबड' या अर्थाने कमी. हा बारकावा मराठी शब्द निवडताना थेट उपयोगी पडतो: मधल्या पायरीच्या शब्दाला आईबहिणीवरची शिवी लावली तर पात्र उगाच राक्षसी होतं, आणि 'मूर्खपणा' लावला तर ते शाळामास्तर होतं.

दुसरी अडचण नवख्यांची. मोठ्या शब्दाची नोंद उघडली की दाखल्यांची रांग संपता संपत नाही, आणि दोन ओळींचं सबटायटल करायला बसलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. अशा वेळी वरच्या व्याख्यांत न अडकता सरळ खाली वाक्प्रचारांच्या आणि उद्गारांच्या भागात जावं. पात्र बोलतं ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मग आपल्या मालिकेच्या काळाच्या आसपासचे दोन-तीन दाखले मोठ्याने वाचून बघावेत.