ट्रिअर: रोमन वेशीपासून गॉथिक चर्चपर्यंत

बेळगाव परिसरातून जर्मनीला मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी ट्रिअर या शहरासाठी एक पूर्ण दिवस अवश्य राखून ठेवावा. इसवी सन 170 च्या सुमारास उभारलेली पोर्टा निग्रा ही वेस चुना न वापरता, लोखंडी पट्ट्यांनी जोडलेल्या वालुकाश्माच्या चिऱ्यांची आहे. मध्ययुगात त्या पट्ट्या काढून नेल्याच्या खोबणी आजही दिसतात. अकराव्या शतकात सिमिऑन नावाचा साधू येथे राहिला, त्याच्या मृत्यूनंतर वेशीचे चर्च झाले आणि पुढे नेपोलियनच्या आदेशाने ते चर्च काढून टाकण्यात आले, म्हणूनच मूळ रोमन बांधणी आज पाहता येते. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करावा.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या सभागृहाची, 67 मीटर लांब आणि 33 मीटर उंच अशी, एकही खांब नसलेली पोकळी मला सर्वांत भावली. कॅथेड्रलच्या (मुख्य चर्चच्या) शेजारचे गॉथिक शैलीचे लीबफ्राउएन चर्च आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराप्रमाणेच तेराव्या शतकातील आहे. शाही स्नानगृहे मात्र घाईतही पाहून होतात. आमच्या मार्गदर्शकाने कॅथेड्रल फारच भराभर आटोपले. तेथे स्वतंत्रपणे, सावकाश जावे.